शीवेवरचा बाजार

रविवारी सकाळी सातच्या सुमारास दोन कापडी पिशव्या घेऊन मी घराबाहेर पडतो. एक भाजीची, दुसरी मासळीची. मासळीच्या पिशवीत प्लास्टिकची एक जुनी थैली असते; ती धुऊन, वाळवून पुन्हा वापरायची हा आमच्या घरचा नियम. तीस-पस्तीस वर्षे बँकेत नोकरी केली, तेव्हा बाजार हा सौ.चा प्रांत होता. निवृत्त झालो आणि हा कारभार माझ्याकडे आला. पहिल्या महिन्यात मी इतकी जून भेंडी आणि इतकी कडू काकडी घरी आणली, की हे खातेही बुडीत निघणार अशी तिची खात्रीच झाली होती. आता बरे चालले आहे. भेंडीचे टोक मोडून पाहावे. पापलेटचा कल्ला दाबून पाहावा, पांढरे पाणी आले तर घ्यावे, लालसर आले तर पुढे जावे, एवढी विद्या उतारवयात का होईना, पदरात पडली आहे.

मुंबईतल्या बाजारांविषयी बोलायचे तर लोक क्रॉफर्ड मार्केटपासून सुरुवात करतात. ते साहजिकच आहे. १८६९ साली उभ्या राहिलेल्या त्या वास्तूला, आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईला, मनोरा आहे, घड्याळ आहे, रुडयार्ड किपलिंगच्या वडिलांनी केलेले शिल्पकाम आहे. शीवच्या स्टेशनाकडून आमच्या घराकडे येणाऱ्या वाटेवर जो बाजार भरतो, त्याला यातले काहीही नाही. पंचवीस-तीस माणसे, काही हातगाड्या, काही टोपल्या, चार-दोन फळकुटे आणि पावसाळ्यात वर ताणलेले निळे ताडपत्रीचे कापड. कोणताही प्रवासी इथे मुद्दाम येणार नाही. इथे येतात ती आजूबाजूच्या इमारतींतली माणसे आणि जवळच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, म्हणजे आपल्या शीव हॉस्पिटलात, कुणाला तरी दाखल करून मोसंबी आणि शहाळी शोधत फिरणारे नातेवाईक.

पण हा बाजार नीट पाहिला, तर शीवची सगळी वस्ती त्यात वाचता येते. एका टोपलीत मद्रासी कांदे, केळफूल आणि केळीची पाने, कारण माटुंग्यापासून शीवपर्यंत तमिळ आणि मल्याळी कुटुंबे तीन-चार पिढ्यांपासून राहतात. थंडीत एका गाडीवर सरसोंच्या जुड्या आणि लालबुंद गाजरे येतात, ती पंजाबी घरांसाठी. चिखलाने माखलेली कमळकाकडी सिंध्यांसाठी. तिला ते ‘भें’ म्हणतात. उन्हाळ्यात ओले काजूगर आले की आमच्यासारखे कोकणातले लोक भाव विचारतात, उसासा टाकतात आणि पाव किलो घेतातच. पावसाच्या तोंडावर डोंगराकडून येणाऱ्या बायका शेवळे आणतात. शेवळे घशाला खाजतात, म्हणून त्यांच्याबरोबर काकडे लागतात. ती दोन्ही एकदमच विकतात आणि करायचे कसे तेही सांगतात. माझ्या सुनेने शेवळाची भाजी कोणत्याही पुस्तकातून शिकलेली नाही. ती या बाजारात, रस्त्यावर उभी राहून शिकली आहे.

शीव या नावाचा अर्थच सीमा. मुंबई बेट इथे संपत असे आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू होत असे. १६६१ च्या तहाने मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली. साष्टी मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली, ती १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसईची मोहीम फत्ते करेपर्यंत. त्या सीमेवर नजर ठेवायला इंग्रजांनी टेकडीवर किल्ला बांधला. त्याचे पडके बुरूज आजही उभे आहेत आणि आमच्याकडची मुले तिथे अभ्यासाला जातात, निदान घरी तसे सांगून जातात. सीमेवरच्या गावाचे एक भाग्य असते. तिथे सगळ्यांना थांबावे लागते. कोळी तर इथले मूळचेच. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, त्यानंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याकडे आखीव रस्ते, मोकळी इमारत आणि झाडे असलेल्या वसाहती उभ्या राहिल्या. तिथे दक्षिणेकडून आलेले कारकून, टंकलेखक, शिक्षक स्थिरावले. १९४७ मध्ये फाळणी झाली आणि कोळीवाड्यालगतच्या छावण्यांत पंजाबी व सिंधी निर्वासित आले. कोळीवाडा स्टेशनाचे नावही पुढे गुरू तेगबहादूर नगर झाले. कोळणीची कोळंबी आणि पंजाब्याच्या कढईतले बेसन-मसाला यांची गाठ इथेच पडली, आणि ‘कोळीवाडा’ हे नाव हॉटेलांच्या मेन्यूकार्डावर जाऊन बसले.

आणि आपण ज्याला अस्सल आपले म्हणतो ते तरी कुठले? परवा मी नातवाला पिशवी उघडून दाखवली. मिरची, टोमॅटो, बटाटा, पेरू, पपई, चिकू, सीताफळ. यातले एकही शिवाजी महाराजांच्या पणजोबांच्या पणजोबांनी पाहिलेले नाही. ही सगळी अमेरिका खंडातून, बहुतेक करून पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली. टोमॅटोचे नाव मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतले, बटाट्याचे पोर्तुगीजांकडून घेतलेले. मेक्सिकोतल्या जुन्या शहरांच्या गल्ल्यांतही असेच छोटे बाजार भरतात. तिथेही बायका कापड पसरून मिरच्यांचे, टोमॅटोंचे छोटे छोटे ढीग मांडतात. आपल्याकडच्या ‘वाट्या’सारखेच ढिगावर विकतात. माप झाल्यावर गिऱ्हाइकाच्या पिशवीत आणखी थोडे वरून टाकण्याची रीतही तिथे आहे. त्याला ते ‘पिलोन’ म्हणतात. आपल्याकडे त्या चार मिरच्या आणि कोथिंबिरीच्या काड्यांना वेगळे नाव नाही. ‘मावशी, वरून काहीतरी घाला की’, एवढे म्हटले की काम होते. सातासमुद्रापलीकडच्या दोन बायकांना एकच गोष्ट कळली आहे: तोलून दिले की व्यवहार पुरा होतो, आणि वरून थोडे दिले की माणूस पुन्हा येतो.

ही साधी गोष्ट मला बँकेत असताना कळली नव्हती. ती कशी कळली, ते सांगणे थोडे लाजिरवाणे आहे, पण सांगतो.

१९९० च्या आसपास मी एका शाखेत कर्जाच्या टेबलावर होतो. एक मासळीवाली माझ्याकडे आली. या बाजारात ती माझ्या लग्नाच्या आधीपासून बसत असे. तिला पाच हजार रुपये हवे होते. तोवर ती एका खासगी सावकाराकडून पैसे उचलत होती. हजार म्हणून तो नऊशे हातावर ठेवायचा आणि रोज पन्नासप्रमाणे वीस दिवसांत हजार वसूल करायचा. तिला ते शंभरच रुपये वाटत. मी टेबलावरच गणित मांडले. रोज परत होणाऱ्या रकमेचा हिशेब धरला, तर तो दर वर्षाला पावणेचारशे टक्क्यांच्या आसपास जातो. ती म्हणाली, ‘‘साहेब, म्हणून तर तुमच्याकडं आले.’’

मी तिला परवान्याचा कागद मागितला. नव्हता. जागेचा पुरावा मागितला. टोपली जिथे ठेवायची ती जागा. त्याचा पुरावा कसला? जामीन मागितला. तिने शेजारच्या भाजीवालीचे नाव सांगितले. मी हसलो असेन. दुर्बळांना चार टक्के व्याजाने कर्ज देण्याची योजना १९७२ पासून होती, बँकांचे राष्ट्रीयीकरण होऊन वीस वर्षे उलटली होती, आणि हे सगळे मी पदोन्नतीच्या परीक्षेत छान लिहिले होते. पण समोर बसलेल्या बाईला कोणत्या रकान्यात बसवायचे, ते मला कळेना. अर्ज मी वर पाठवलादेखील नाही. ‘‘कागद घेऊन या, मग पाहू,’’ असे सांगितले. ‘‘बरं, दादा,’’ म्हणून ती उठली. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षे आमच्या घरी मासळी तिच्याकडूनच येत राहिली. त्या दिवसाचा विषय तिने कधी काढला नाही. मीही काढला नाही.

मग नोव्हेंबर २०१६ उजाडला. ८ तारखेच्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. पुढचे काही आठवडे मी सकाळी आठला बँकेत जात होतो आणि रात्री दहाला परतत होतो. दिवसभर नोटांत बुडालेल्या माणसाच्या घरात सुटे पैसे नव्हते. नवी दोन हजारांची एक नोट होती. तिचे सुटे शीवपासून दादरपर्यंत कुणी देईना. सौ. बाजारात गेली आणि संकोचाने म्हणाली, दोन दिवस भाजी नको. भाजीवालीने पिशवी ओढून घेतली आणि भरली. ‘‘ताई, पोरं काय नोटा खाणार हायेत का? द्या सवडीनं.’’ मासळीवालीनेही वाटा बांधून दिला. शेजारची एक गिऱ्हाईक म्हणाली, ‘‘अगं, लिहून तरी ठेव.’’ त्यावर ती म्हणाली, ‘‘लिहायचं काय त्यात? साहेब बँकेत हायेत, पळून कुठं जानार?’’

हे सौ.ने मला रात्री जेवताना सांगितले. ती हसत होती. माझा घास तोंडातच राहिला. ज्या बाईला मी पुराव्याअभावी पाच हजार दिले नव्हते, तिने माझ्या घराला कोणत्याही पुराव्याशिवाय उधार दिले होते. तिच्याकडे पुरावा नव्हता असे तरी कसे म्हणू? तीस वर्षे आम्ही येतो, घेतो, पैसे देतो, आजारपण विचारतो, हे तिच्या डोक्यात नोंदलेले होते. पत म्हणजे दुसरे काय असते? आम्ही बँकवाले ज्या माहितीसाठी फायली उघडतो, चौकशा करतो, माणसे पाठवतो, ती माहिती या बाजारात रोज सकाळी आपोआप जमा होत असते. त्या दिवशी मी तिला कागद मागण्याऐवजी रविवारी तिच्या शेजारी तासभर उभा राहिलो असतो, तर मला कर्जदाराची पूर्ण माहिती मिळाली असती. भाजीवालीची जामिनकीही पुरेशी होती, हे तेव्हाच कळले असते.

छोट्या बाजाराची किंमत करताना आपण हीच गोष्ट हिशेबात धरत नाही. भाजी कुठेही मिळते. ती आता घरबसल्या मिळते, काही मिनिटांत दारात येते, आणि मी त्याला नावे ठेवणार नाही. माझी सून रात्री आठला कामावरून येते. तिने फोनवरून टोमॅटो मागवले तर ती काही संस्कृती बुडवत नाही. पण फोनवरून टोमॅटो येतात, ओळख येत नाही. कुणाच्या घरी आजारी माणूस आहे, कुणाचा मुलगा परदेशी गेला आणि म्हातारी आता अर्धा पाव किलोच घेते, कोण चार दिवस दिसले नाही, हे बाजाराला ठाऊक असते. आमच्या इमारतीत एकटे राहणारे एक गृहस्थ दोन दिवस केळी घ्यायला आले नाहीत, तेव्हा पहिली चौकशी केळेवाल्याने केली. आम्ही शेजारी त्याच्या नंतर जागे झालो.

आता दुसरी बाजू. हा बाजार रस्त्यावर आहे, पदपथावर आहे, आणि त्याचा त्रास होतो. रुग्णालयाच्या परिसरात रुग्णवाहिकेला वाट मिळाली नाही, तर ‘बिचारे पोटासाठी बसतात’ हे उत्तर चालणार नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला पदपथ सोडून रस्त्यात उतरावे लागते, त्याची तक्रार खरी आहे. मीच तो गुडघे दुखणारा माणूस आहे. संध्याकाळी मागे उरणारा पाला आणि मासळीचे पाणी हाही प्रश्न आहे. तेव्हा जिथे हवे तिथे, हवे तसे बसू द्या, असे कुणीही शहाणा माणूस म्हणणार नाही.

पण मग काय करावे, हे आपल्याला ठाऊक नाही असेही नाही. मुंबईतल्या फेरीवाल्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच बसण्याची क्षेत्रे आणि न बसण्याची क्षेत्रे वेगळी आखण्याचा मार्ग मान्य केला. २०१४ मध्ये संसदेने पथविक्रेत्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. विक्रेत्यांची पाहणी करावी, त्यांना प्रमाणपत्र द्यावे, त्यांचे प्रतिनिधी असलेली समिती नेमावी, प्रभागाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यावे आणि पाहणी पुरी होईपर्यंत कुणाला हटवू नये, असे त्यात म्हटले आहे. १९८५ पासून आजपर्यंत या शहरात एक आख्खी पिढी नोकरीला लागून निवृत्त झाली. मी त्याच पिढीतला. आमच्या गल्लीत मात्र अजून ‘गाडी आली!’ ही हाक उठते. टोपल्या उचलल्या जातात, कोथिंबीर तुडवली जाते, आमच्या इमारतीच्या जिन्याखाली घाईघाईने वजनकाटे सरकवले जातात. तासाभराने सगळे पुन्हा मांडले जाते. यात पदपथ मोकळा होत नाही आणि बाजारही सुधारत नाही. फक्त एका बाईची त्या दिवसाची कमाई जाते, आणि संध्याकाळी तिला पुन्हा त्या नऊशेवाल्याकडे जावे लागते.

माझ्या जुन्या पापावर सरकारने २०२० च्या जून महिन्यात एक उतारा काढला, तोही नमूद केला पाहिजे. टाळेबंदीने मोडलेल्या पथविक्रेत्यांना बँकांनी तारणाशिवाय दहा हजारांचे खेळते भांडवल द्यावे, वेळेवर फेडले तर पुढे अधिक द्यावे, अशी योजना आली. वाचून बरे वाटले. तीस वर्षांपूर्वी मी जे करायला धजलो नाही, ते आता नियमात बसले. पण त्यासाठीही प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र लागतेच. म्हणजे गाठ पुन्हा तिथेच येऊन पडते: जी बाई कागदावर नाही, तिच्यासाठी योजना नाही. आणि कागदावर तिला आणायचे, तर आधी तिची जागा मान्य करावी लागते.

दरम्यान, शीव बदलते आहे. रेल्वेवरचा जुना पूल नव्या बांधणीसाठी २०२४ च्या ऑगस्टमध्ये बंद झाला, तेव्हा पलीकडची काही गिऱ्हाइके तुटली, असे आमची भाजीवाली सांगे. जुन्या तीन मजली इमारतींच्या जागी उंच बुरूज उठत आहेत. त्यांच्या नकाशात तीन मजले मोटारींसाठी असतात. टोपलीसाठी सहा फूट नसतात. रहिवाशांच्या सभेत आम्ही चटईक्षेत्रावर तासन्‌तास भांडतो. नव्या इमारतीच्या तळमजल्याला, रस्त्याकडेच्या बाजूने, दहा विक्रेत्यांसाठी ओटे, एक नळ, कचऱ्याचा एक हौद आणि बायकांसाठी एक स्वच्छतागृह असावे, असा ठराव कुठल्या सभेत मांडलेला मी ऐकलेला नाही. सकाळी साडेचार-पाचला भाऊच्या धक्क्यावर किंवा ससून डॉकला माल उचलायला गेलेली बाई दुपारी दोनपर्यंत बसते. ती पाणी पीत नाही. का पीत नाही, हे आपण तिला कधी विचारलेले नाही. विचारायचीही गरज नाही. आपल्या घरातल्या बायकांना विचारले तरी पुरे.

तेव्हा मागणी लहानशी आहे. ठरलेली जागा, ठरलेली वेळ, आखलेली रेघ आणि त्या रेघेच्या आत बसण्याचा हक्क. रेघेबाहेर टोपली आली तर दंड घ्या. आत असेल तर हात लावू नका. आणि आपल्यासारख्यांनी आठवड्यातून एकदा तरी पिशवी घेऊन खाली उतरावे, शक्य झाल्यास नातवाला बोटाशी धरून. माझ्या नातवाला आता ताजी भेंडी ओळखता येते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे भाजीवालीला ‘आजी’ म्हणून हाक मारता येते. ही दोन्ही शिक्षणे शाळेच्या वेळापत्रकात नाहीत.

ती मासळीवाली आता बसत नाही. गुडघे गेले. तिची सून बसते. तिच्याकडे भ्रमणध्वनीवरून पैसे घेण्याचा चौकोनी फलक आहे, तो टोपलीच्या कडेला दोरीने बांधलेला असतो आणि त्यावर नेहमी एखादे खवले चिकटलेले असते. गेल्या रविवारी मांदेलीचा वाटा घेतला आणि पैसे द्यायला गेलो, तर माझा फोन घरीच राहिला होता. खिशातले सुटे मोजले. वीस रुपये कमी पडले. मी वाटा थोडा कमी करायला सांगितला. तिने ऐकले न ऐकले केले, वर चार मांदेल्या आणखी टाकल्या आणि पिशवी माझ्या हातात दिली. ‘‘राहू द्या काका, पुढच्या रविवारी द्या.’’

घरी आल्याबरोबर फोनवरून ते पैसे पाठवता आले असते. सौ.ने तसे सुचवलेही. मी नको म्हटले. वीस रुपये बाकी आहेत; रविवारी स्वतः जाऊन द्यायचे आहेत.